गवतातली पलटण

गावातल्या तीन पिढ्यांचे चेहरे ज्या स्टुडिओने कागदावर उतरवले, त्याच्या मालकाकडे स्वतःच्या आजोबांचा एकही फोटो नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. तसे नानांकडे कोणाचे फोटो नव्हते? पाळण्यातल्या बाळांचे होते, लग्नाच्या जोड्यांचे होते, नोकरीच्या अर्जावर डकवायचे होते, आणि गिऱ्हाईकं काढून घेऊन न्यायला विसरली असे तर खोकं भरून होते. आजोबा मात्र लढाईला गेले ते गेलेच. तेव्हा नानांचे वडील रांगत होते. आजोबा उंच होते की ठेंगणे, मिशा ठेवायचे की नाही, हसताना कसे दिसायचे, काही म्हणजे काही घरात कोणाला सांगता येत नव्हतं. ठाऊक होतं ते एवढंच, की गावापासून गाडीने तासाभराच्या वाटेवर जो मोठा माळ आहे तिथे एका सकाळी लढाई झाली, आणि आजोबा तिथेच पडले.

तो माळ सरकारने जपून ठेवला आहे. एका टोकाला उंचवटा, त्यावर दगडी खांब, खांबाशेजारी दोन तोफा. तोफांवर बसून पोरं घोडा घोडा खेळतात. दुसऱ्या टोकाला फाटक आणि तिकिटाची खिडकी. मधे नुसतं गवत. नांगर लावायला बंदी आहे, म्हणून मेंढ्या सोडलेल्या असतात आणि त्या गवत आखूड ठेवतात. लोक दुपारी येतात, खांबापाशी उभे राहतात, डबा खातात आणि जातात.

नाना दर वर्षी तिथे जायचे. धंदा मंदा असला की कॅमेरा गळ्यात अडकवायचा, माळावर जायचं, फोटो काढायचे, घरी येऊन ते बघायचे आणि मुकाट्याने खणात टाकायचे. प्रत्येक फोटोत गवत, वर आभाळ. नानांची बायको म्हणायची, लोकांच्या घरात लढाईवरून तलवारी येतात, आमच्याकडे गवत येतं, आता एखादी म्हैस तरी पाळा. नाना हसायचे. पण खण कधी रिकामा केला नाही त्यांनी.

मग त्यांचे डोळे बिघडले. दोन्ही डोळ्यांत नजरेच्या मधोमध एक करडा डाग आला आणि हळूहळू पसरत चालला. समोरच्या माणसाकडे बघावं तर त्याचं तोंडच नाही, कान तेवढे दोन बाजूंना. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. म्हणाले, गेलं ते येणार नाही, कडेचं आहे तेही जाईल, वर्षभर टिकलं तर नशीब. नाना घरी आले, स्टुडिओतल्या फिरत्या स्टुलावर बसले आणि त्यांनी धाकटीला हाक मारली.

धाकटी म्हणजे त्यांची धाकटी सून. थोरली परगावी, ही इथे. लग्न होऊन आली तेव्हा हिला कॅमेऱ्याचं पुढचं मागचं कळत नव्हतं. नाना आपल्या मुलाला शिकवायला गेले होते, पण ते पालथ्या घड्यावर पाणी. त्याला व्हिडिओचं वेड, आणि सकाळी नऊच्या आत डोळे उघडायचे म्हणजे त्याच्या जिवावर यायचं. शेवटी नानांनी सगळी विद्या सुनेच्या पदरात टाकली. विद्या तरी केवढी, दोन वाक्यांची. सूर्य आपल्या पाठीशी, माणूस पुढ्यात. आणि दुसरं, सावली म्हणजे गिऱ्हाईकाची तक्रार. पासपोर्टच्या फोटोत कानामागे सावली पडली की कचेरीतून फोटो परत येतो आणि गिऱ्हाईक दारात उभं राहून ओरडतं. धाकटी ते इतकं मन लावून शिकली, की नाकाखालची सावलीसुद्धा अशी पुसायची, माणसाला नाक आहे की नाही याची शंका यावी.

"धाकटे," नाना म्हणाले, "तो माळ माझ्याच्यानं फोटोत उतरला नाही. तू एकदा जाऊन बघ. डोळ्यांत आहे तेवढं आहे तोवर आजोबा पडले ती जागा मला बघायचीय. गवत नको आणूस. जागा आण."

आता गवत सोडून जागा कशी आणायची, हे धाकटीला कळलं नाही. पण नानांनी आजवर तिच्याकडे चहासुद्धा मागितला नव्हता, स्वतः उठून करून घ्यायचे. तिने मान हलवली आणि दुसऱ्याच दिवशी माळाच्या कचेरीत फोन लावला. उजाडताना आत सोडाल का, असं विचारल्यावर तिथला माणूस म्हणाला, खुशाल या, मेंढ्यांची हरकत नसेल तर आमचीही नाही.

ती पोचली तेव्हा नुकतं फटफटत होतं. दव इतकं पडलं होतं की फाटकापासून उंचवट्यापर्यंत चालेस्तोवर तिच्या पायातले मोजे पिळून काढावेत असे झाले. खांबापाशी तिने स्टँड उभा केला. सूर्य तिच्या पाठीमागून वर येणार होता, माळ पुढ्यात होता, अगदी नानांनी शिकवल्याबरहुकूम. सूर्य आला. गवत सोनेरी झालं आणि कडेपासून कडेपर्यंत इस्त्री केलेल्या चादरीसारखं गुळगुळीत दिसायला लागलं. तिने इकडून काढले, तिकडून काढले, तोफेवर चढून काढले. कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघितलं तर ये रे माझ्या मागल्या. खणातल्या फोटोंमध्ये आणखी एकाची भर, सासऱ्याचं गवत होतं आणि आता सुनेचं गवत. तिला रडू यायला लागलं. नानांना काय सांगायचं, हे मनात जुळवत तिने सामान आवरलं आणि माळ तुडवत ती फाटकाकडे निघाली.

फाटकाशी आल्यावर आठवलं की स्टँड वरच राहिला. स्वतःला दोन शेलक्या शिव्या घालून ती मागे वळली.

वळली आणि तिथेच उभी राहिली. सूर्य आता समोर होता, उंचवट्याच्या जेमतेम वर, आणि त्याचा उजेड गवताला घासत तिच्याकडे येत होता. मघाच्या त्या गुळगुळीत माळभर खळगे पडले होते. प्रत्येक खळगा माणसाच्या लांबीचा, माणसाच्या रुंदीचा, काठोकाठ सावलीने भरलेला, आणि काठावरचं दव चकाकत होतं. एकाशेजारी एक, एकाशेजारी एक, अशी ओळ. त्या ओळीमागे दुसरी, तिच्यामागे तिसरी, थेट उंचवट्याच्या पायथ्यापर्यंत. आधी तिला वाटलं, मेंढ्या बसून झालं असेल. पण मेंढ्या ओळीत बसत नाहीत, आणि मेंढीची लांबी एवढी नसते.

मग तिला उमगलं. लढाईच्या आदल्या रात्री पलटण या उघड्या माळावर आली असणार. ना झाड, ना भिंत, ना दगड. प्रत्येकाने अंधारात आपल्या अंगापुरती माती उकरली असणार, संगिनीने, ताटलीने, नखांनी, जमेल तेवढी. अंग जमिनीच्या वर दिसू नये, एवढीच खोल. त्यात पडून त्यांनी उजाडायची वाट बघितली आणि उजाडल्यावर ते उठले. माती त्यांच्यानंतर कोणी सपाट केली नाही. शंभराहून जास्त वर्षं गवत तिच्यावर उगवत राहिलं. जाणकारांना हे ठाऊक असेलही, पुस्तकांत असेलही. धाकटीने ते डोळ्यांनी बघितलं, आणि तिच्या अंगावर सरसरून काटा आला. या सगळ्यांच्या अंगावरून चालत ती मघाशी वर गेली होती आणि खाली आली होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, ते आठवून दुसऱ्या वेळी तिला हसू आलं असतं. आता तिला पाय कुठे ठेवावा तेच कळेना.

किती वेळ ती नुसती बघत होती कोण जाणे. कॅमेरा उचलायचं भान आलं तेव्हा श्वास रोखून तिने काढायला सुरुवात केली. सूर्य काही तिच्यासाठी थांबणार नव्हता. तो वर सरकला तसतशी खळग्यांतली सावली आटत गेली, वाळूत पाणी जिरावं तशी, आधी जवळचे खळगे गेले, मग लांबचे. शेवटी माळावर पुन्हा नुसतं गवत राहिलं, आणि एक मेंढी येऊन ते खायला लागली.

स्टँड घेऊन ती परत निघाली, आणि गाडी चालवताना मोठ्याने बोलत होती, स्वतःशीच. घरी आल्यावर चहाही न घेता कॉम्प्युटरवर बसली. सर्वांत चांगला फोटो निवडला, साफ केला, भिंतीएवढा मोठा छापायला लावला. तेवढ्यात नवरा डोळे चोळत आला, छापलेल्या कागदासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "हे तर नानांचंच गवत."

धाकटीने वळून बघितलं. खरंच गवत होतं. माळ सपाट, गुळगुळीत, एकसारखा उजळलेला. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही ती अशी. मन माळावर भटकत असताना हाताने आपलं रोजचं काम उरकलं होतं. सावली दिसली, पुसली. दिसली, पुसली. अख्खी पलटण तिने पासपोर्टला लावायच्या लायकीची करून टाकली होती. नशीब, की मूळ फोटो कॅमेऱ्यात होता. तो तिने पुन्हा घेतला, आणि या वेळी उजवा हात मांडीखाली दाबून ठेवून डाव्या हाताने छपाईचं बटण दाबलं. कागद बाहेर आला तशी नवऱ्याची झोप उडाली. तो आईला बोलवायला आत गेला.

नानांना आणून कागदासमोर बसवलं. त्यांनी मान इकडे केली, तिकडे केली, पुढे झाले, मागे झाले.

"छान आलाय हं," ते म्हणाले.

हा सूर धाकटीने हजार वेळा ऐकला होता. फोटोत डोळे मिटलेल्या नवऱ्या मुलाच्या बापाला नाना याच सुरात छान आलाय म्हणायचे. तिने त्यांना सांगितलं, की मी गिऱ्हाईक नाही, काय दिसतं ते खरं सांगा. नाना म्हणाले, "काळं काळं काहीतरी हलतं गं कडेला. बघायला गेलो की पुसलं जातं. फोटो समोरूनच बघायचा असतो, आणि मला समोरचंच दिसत नाही. तू जागा आणलीस, मी घेऊ शकलो नाही. तुझा काही दोष नाही."

ते उठून आत गेले. धाकटी त्या कागदासमोर उभी राहिली आणि तिला त्या फोटोचा रागच आला. एवढी फौज आणली आणि बघणाऱ्याच्या डोळ्यांत ती मावत नाही. रात्री जेवताना तिने जाहीर केलं, की नानांना मी माळावर घेऊन जाणार. सासूबाईंनी ताट बाजूला सारलं. या वयात, त्या दवात, छातीत कफ झाला तर फोटो काय कामाचा, असं बरंच काही झालं. धाकटीने सगळं ऐकून घेतलं आणि स्वेटर कुठे ठेवलाय तेवढं विचारलं.

पुढचे काही दिवस आभाळ भरलेलं. रोज उठायचं, खिडकीतून बघायचं आणि पुन्हा आडवं व्हायचं. नाना मात्र रोज तिच्या आधी उठून बूट घालून बसलेले असायचे. एका पहाटे चांदण्या स्पष्ट दिसल्या. सासूबाईंनी नानांना दोन स्वेटर, एक मफलर आणि कानटोपी चढवली. नाना इतके फुगले की गाडीचा पट्टा त्यांना पुरेना.

फाटकाशी उतरल्यावर धाकटीने त्यांना उंचवट्याकडे तोंड करून उभं केलं आणि ती कॅमेरा काढायला वाकली. वर बघते तर नाना उलटे फिरलेले, पाठ उंचवट्याकडे.

"नाना, सूर्य तिकडून येणार."

"म्हणून तर पाठ केली," नाना म्हणाले. "सूर्याकडे तोंड करून कोण फोटो काढतं?"

तिने त्यांना खांद्यांना धरून परत फिरवलं. सूर्य वर आला. गवताच्या शेंड्यांवरून उजेड घासत आला आणि खळगे एकेक करून भरायला लागले, ओळीमागून ओळ. दुसऱ्यांदा बघत होती तरी धाकटी क्षणभर हातातला कॅमेरा विसरली. तिने नानांकडे पाहिलं. ते डोळे ताणून समोर बघत होते आणि त्यांचा चेहरा कोरा होता. त्यांना फक्त एक करडा डाग दिसत होता, कडेने उजळलेला. सूर्य सरकत होता. हा उजेड किती थोडा वेळ टिकतो, हे तिला माहीत होतं, आणि उद्या पुन्हा आभाळ भरेल की काय, नानांच्या डोळ्यांचं उद्या काय होईल, कोणी सांगावं?

"नाना, तिकडे बघू नका," ती म्हणाली. "माझ्याकडे बघा."

"तुझ्याकडे काय बघू? तुला रोज बघतो."

"बघा हो. माझ्या तोंडाकडे बघा, आणि मान हलवू नका."

नानांनी तिच्याकडे तोंड वळवलं. तिचा चेहरा त्यांच्यासाठी डागात बुडाला. आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून, जिथे अजून नजर शाबूत होती तिथून, माळ आत आला. तो आला ते धाकटीला दिसलं. नानांचं तोंड किंचित उघडलं आणि तसंच राहिलं. सुनेच्या चेहऱ्याकडे टक लावून, सुनेला न बघता, ते बघत होते. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहून मफलरमध्ये जायला लागलं, आणि त्यांनी ते पुसलं नाही.

"किती आहेत गं?" त्यांनी हळूच विचारलं, कोणाची झोप मोडू नये अशा आवाजात.

"खूप आहेत. मोजता येत नाहीत."

"आणि मी इतकी वर्षं त्यांना पाठीवर ऊन घेऊन शोधत होतो."

ते चालायला लागले. नजर लांबच्या झाडांवर ठेवायची आणि कडेने जमीन बघायची, अशी तिरकी चाल. धाकटीने कोपर धरलं होतं. खळग्यांच्या मधून, कोणावरही पाय न देता, ते दुसऱ्या ओळीपर्यंत गेले. तिथे एका खळग्याशी गुडघे टेकून त्यांनी काठावरून हात फिरवला, आणि काय होतंय ते धाकटीला कळायच्या आत ते त्यात आडवे झाले. सासूबाईंचे दोन्ही स्वेटर पाच मिनिटांत भिजणार होते.

नानांना पाय पसरता येईनात. गुडघे वर राहिले.

"हा माझ्यापेक्षा बुटका होता," ते म्हणाले.

धाकटी म्हणाली, उठा, पुढचा बघू, एखादा तुमच्या मापाचा सापडेल. तिला वाटत होतं की त्यांना आजोबांची जागा मिळावी. नाना आभाळाकडे बघत पडून राहिले.

"आजोबांचं माप कोणाला ठाऊक आहे? हा असतील, नाहीतर तो पलीकडचा. माझ्या आजोबांना निदान एक पोर तरी होतं, म्हणून मी आलो. यातले कितीतरी कोणाचे आजोबा झालेच नसतील. त्यांच्याकडे कोण येणार? राहू दे. मी इथंच बरा आहे."

धाकटीने चार पावलं मागे सरून कॅमेरा उचलला. नाना, त्यांच्या भोवतीच्या ओळी, पलीकडे उंचवटा. तिने दोन-तीन फोटो काढले असतील नसतील, तेवढ्यात सावल्या आटायला लागल्या. बघता बघता सगळं गेलं. माळ सपाट झाला, आणि त्या सपाट गवतात, मफलर आणि कानटोपी घातलेला एक म्हातारा तेवढा निजलेला राहिला. इतर सगळे नेमके कुठे होते, ते तिला बोट दाखवून सांगता आलं नसतं.

"गेलं ना?" नानांनी विचारलं.

"हो. काही दिसत नाही आता."

"तुला नाही दिसत. मला पाठीला कळतंय." त्यांनी डावा हात गवतावरून चाचपत नेला. "ही याची कड. तिच्या पलीकडे पुन्हा जमीन खाली जाते. शेजारी आहे बघ एक. ये."

धाकटीने कॅमेरा खाली ठेवला. नाना दाखवत होते तिथे ती गुडघ्यांवर बसली, तळहाताने चाचपलं आणि आडवी झाली. गार माती पाठीला लागली आणि खांदे थोडे आत गेले. गवताची कड डोळ्यांच्या वर आली, आणि माळ, उंचवटा, फाटक, सगळं नाहीसं होऊन फक्त आभाळ उरलं. त्या सकाळी त्यांना हेच दिसलं असणार. तिला एकटं वाटलं, इतकं एकटं आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

तेवढ्यात कडेवरून नानांचा हात आला. त्याने तिचा हात शोधला आणि धरला.

"बघ," नाना म्हणाले, "हात पोचतो. अंधारात उकरताना त्यांनी एवढंच अंतर ठेवलंय."

धाकटीने हात सोडला नाही.